खर्जाची पाचवी तार

बऱ्हाणपूरचे नाव निघाले की तापीकाठचा शाही किल्ला आठवतो, १६३१ साली तेथे देह ठेवलेली मुमताजमहल आठवते, आणि खानखानान अब्दुर्रहीम याच्या काळातील भूमिगत पाणीयोजना आठवते. याच गावी सोळाव्या शतकात पुंडरीक विठ्ठल नावाचा एक कर्नाटकी ब्राह्मण फारुकी घराण्यातील बुऱ्हाणखानाच्या आश्रयास होता आणि त्याने ‘सद्रागचंद्रोदय’ हा संगीतावरील संस्कृत ग्रंथ रचला, ही गोष्ट मात्र गावातील सुशिक्षितांसही क्वचितच ठाऊक असते. किल्ल्याच्या भिंती डोळ्यांस दिसतात, वीणेच्या तारा दिसत नाहीत. त्याला इलाज नाही. पंडित भातखंडे यांनी आपल्या लेखनात या ग्रंथाचा वारंवार परामर्श घेतला, म्हणून तो अभ्यासकांच्या नजरेत राहिला.

आज याच बऱ्हाणपुरात एखादा तरुण घरच्या खोलीत गाणे ध्वनिमुद्रित करू लागतो आणि पाच तारांची, परंतु खिशास झेपेल अशी बास गिटार शोधू लागतो, तेव्हा त्याच्यापुढे जे प्रश्न उभे राहतात, त्यांतील निदान दोन पुंडरीकाच्याही पुढे होते. पहिला प्रश्न पडद्यांचा आणि दुसरा सर्वांत खालच्या तारेचा.

पुंडरीकाने वर्णिलेल्या शुद्धमेल वीणेवर वादनाच्या चार तारा असत. त्या अनुक्रमे अनुमंद्र षड्ज, अनुमंद्र पंचम, मंद्र षड्ज आणि मंद्र मध्यम या स्वरांत मिळविल्या जात. गायकाच्या मध्य सप्तकाखाली मंद्र आणि त्याच्याही खाली अनुमंद्र. पडदा चारही तारांखालून आडवा जातो. एका तारेसाठी तो नेमका बसविला की दुसऱ्या तारेवर तोच पडदा हव्या त्या स्वरापासून किंचित ढळतो. विजयनगरच्या रामामात्याने १५५० साली ‘स्वरमेलकलानिधी’त याच अडचणीचा विचार करून, दोन अगदी जवळच्या स्वरांपैकी एकाने दुसऱ्याचा प्रतिनिधी व्हावे अशी मोकळीक दिली. पुंडरीकही त्याच वाटेने गेला. शास्त्र्याने वाद्याशी केलेली ही तडजोड होय. तडजोड म्हटले की कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतात. पण ती नसती तर वाजविण्याजोगी वीणाच हाती आली नसती.

पुढे १९५१ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने विजेवर चालणारी चार तारांची बास गिटार बाजारात आणली आणि तिचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकपणा, असे ठेवले. त्यापूर्वीचे उभे डबल बास हे वाद्य पडद्यांवाचूनचे. स्वर कोठे आहे हे वादकाच्या बोटाने आणि कानाने ठरवायचे. फेंडरच्या वाद्यास पडदे होते, म्हणून स्वर अचूक. नावामागील अर्थ एवढाच. आपल्याकडे हे वाद्य रुजले ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत. पाश्चात्य स्वरलेखन चर्चच्या शाळांत शिकून आलेल्या गोमंतकीय वादकांचा तेथे मोठा भरणा होता, आणि राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतील टोनी वाझ यांचे बासवादन आजही जाणकार कान देऊन ऐकतात.

पाचव्या तारेचा इतिहास गमतीचा आहे. १९६५ साली फेंडरने पाच तारांचे वाद्य काढले खरे, पण ती जादा तार वरच्या बाजूस, उंच स्वराची होती. ते फारसे खपले नाही. १९७६ साली जिमी जॉन्सन या वादकाने अलेंबिक या कारखान्याकडून घेतलेल्या वाद्यावर ती पाचवी तार खाली नेली, आणि तिच्यासाठी जाड तार मुद्दाम करवून घ्यावी लागली. १९८७ साली म्युझिक मॅन या कारखान्याचे पाच तारांचे वाद्य आले आणि मग ही पद्धत सर्वत्र पसरली.

तार खाली नेणे बोलण्याइतके सोपे नाही. चार तारांच्या बासची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करते, तर पाचवी तार सुमारे ३१. तारेची लांबी व ताण तेच ठेवून एवढे खाली उतरायचे, तर दर इंचास तारेचे वजन पावणेदोन पटींहून थोडे अधिक हवे. तंबोऱ्यावरील खर्जाची तार पितळेची व जाड का असते, याचे उत्तर याच नियमात आहे. मिरजेच्या कारागिरास ते कोणी सूत्र लिहून शिकवले नव्हते. बासच्या तारेवर दुसरी तार गुंडाळून वजन वाढवतात, कारण नुसती जाड तार काठीसारखी ताठर होते. नेहमीच्या पाचव्या तारेची जाडी ०.१३० इंच असते, तर तिच्या वरच्या तारेची ०.१०५ इंच. एवढ्या फरकाने वजनाचा हिशेब पुरता जुळत नाही, म्हणून पाचवी तार जरा सैल राहते आणि स्वस्त वाद्यात तर भदभद वाजते. मेरूपासून घोडीपर्यंतचे अंतर ३४ इंचांऐवजी ३५ केले की ताण वाढतो, पण डाव्या हाताची बोटे तितकीच अधिक ताणावी लागतात.

मग ही तार हवीच कशाला? चार तारांवर उत्कृष्ट वादन झालेले आहे, हे टोनी वाझ यांच्या उदाहरणाने दिसतेच. परंतु घरी मराठी भावगीत किंवा भजन मुद्रित करणाऱ्यास एक कारण खरोखर पटण्यासारखे आहे. पुरुष गायक पुष्कळदा पांढरी एक, काळी एक किंवा पांढरी दोन या पट्टीत गातो. चार तारांच्या बासवर या पट्टीचा अनुमंद्र षड्ज मिळतच नाही. सर्वांत खालची तार पांढरी तीनवर संपते. पाचव्या तारेच्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या पडद्यावर हे तिन्ही षड्ज अनुक्रमे बसलेले आहेत. पुंडरीकाची पहिली तार ज्या नावाच्या स्वरात मिळत होती, तोच हा स्वर. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीच्या साथीस मात्र चार तारा पुरतात, आणि तेवढ्यासाठी जास्त पैसे घालणे शहाणपणाचे नव्हे.

घेणाऱ्याने दुकानात प्रथम पाचवी तारच वाजवून पाहावी. बाकीच्या चार कोणत्याही वाद्यात बऱ्या वाजतात. ती मोकळी छेडून मग बाराव्या पडद्यावर दाबावी आणि सुरांचा मेळ यंत्रावर तपासावा. तेथे स्वर चढा किंवा उतरलेला आला, तर घोडीवरील स्क्रूने तो दुरुस्त होतो की नाही हे विक्रेत्याकडूनच करून घ्यावे. दांडी डोळ्यासमोर धरून बाक पाहावा. रंग आणि चकाकी यांवर नजर ठरू नये, कारण ती वायरीतून ध्वनिमुद्रणात उतरत नाहीत. आयबानेझची जीएसआर २०५ आणि यामाहाची टीआरबीएक्स ३०५ ही माफक किमतीच्या वर्गातील परिचित वाद्ये. दोन्ही ३४ इंची आहेत. हाताळलेले जुने वाद्य मिळाले तर तेही वाईट नाही, फक्त पडदे झिजलेले नसावेत.

बऱ्हाणपूरसारख्या यंत्रमागांच्या गावी या वाद्याची एक सोय विशेष मोलाची ठरते. तंबोरा मायक्रोफोनपुढे ठेवला तर शेजारच्या मागाची खडखड त्यात शिरते. बासची वायर थेट संगणकाला जोडलेल्या पेटीत घातली तर माग चालू असतानाही मुद्रण स्वच्छ होते. त्या पेटीवरील वाद्यासाठी राखलेले छिद्रच वापरावे, मायक्रोफोनचे नव्हे. लहान स्पीकरमधून ३१ कंपने ऐकू येत नाहीत. कान वरच्या उपस्वरांवरून मूळ स्वराचा अंदाज करून घेतो. तेव्हा खालचा आवाज वाढवीत बसण्याऐवजी चांगला हेडफोन लावून ऐकावे. आणि पुष्कळ वाद्यांत लहान बॅटरी असते. वायर वाद्यात खोचलेली राहिली तर वाद्य न वाजवताही ती संपत राहते, म्हणून काम झाले की वायर काढून ठेवावी.