विश्लेषण : लांबच्या विमानप्रवासात बाळाला झोपवायचे कुठे आणि कसे?

परदेशात स्थायिक झालेल्या मुला-मुलींकडे जाणे किंवा तिथे जन्मलेल्या नातवाला पहिल्यांदा आजोळी आणणे, हे आता गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या तालुक्याच्या गावालाही नवे नाही. मात्र मुंबईच्या गोरेगावातून विमानतळ गाठणे वेगळे आणि गोंदियाच्या गोरेगावातून वेगळे. इथे आधी गोंदिया, मग विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करून मुंबई, किंवा रस्त्याने नागपूर आणि तिथून पुढचे विमान. त्यामुळे विमानात बसेपर्यंत आई-वडिलांची एक रात्र जागून झालेली असते.

बाळाच्या झोपेचा प्रश्न इथेच गंभीर होतो. विमानात बाळाला सर्वात मोठा धोका रडण्याचा नसतो. थकलेल्या पालकाचा डोळा लागतो, हात सैल पडतो, हा खरा धोका असतो. म्हणून बाळ कुठे आणि कसे झोपेल, हे तिकीट काढतानाच ठरवायला हवे.

बॅसिनेट म्हणजे काय?

लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानांत काही आसनांसमोर भिंत असते. या भिंतीला अडकवता येणाऱ्या छोट्या पाळण्याला बॅसिनेट म्हणतात. विमानाने उड्डाण करून उंची गाठली की कर्मचारी तो लावून देतात आणि उतरण्यापूर्वी काढून घेतात.

प्रत्येक कंपनीची वजनाची मर्यादा वेगळी असते. साधारणपणे ती १० ते १४ किलोच्या दरम्यान असते. काही कंपन्या बाळाची लांबीही पाहतात. वजन मर्यादेत असले तरी बाळ स्वतः उठून बसत असेल किंवा कडा धरून उभे राहत असेल, तर त्याला यात ठेवणे धोक्याचे आहे.

ते कसे मिळते?

बाळाचे तिकीट काढले म्हणजे बॅसिनेट मिळाले असे नाही. अशा जागा विमानात मोजक्याच असतात. त्यामुळे तिकीट झाल्याबरोबर कंपनीला फोन करून मागणी नोंदवावी. प्रवासात दोन विमाने असतील तर दोन्हींसाठी वेगळी खात्री करावी. देशांतर्गत मार्गांवरच्या लहान विमानांत ही सोय सहसा नसते. विमानतळावर लवकर पोहोचून खिडकीवर पुन्हा एकदा विचारून घ्यावे, कारण ऐनवेळी विमान बदलले तर जागाही बदलू शकते.

बॅसिनेटमध्ये बाळाला कसे झोपवावे?

बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, एकटे झोपवावे, हा घरचा नियम इथेही लागू आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स हाच सल्ला देते. पाळण्यात उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी ठेवू नयेत. त्यांनी बाळाचे नाक-तोंड झाकले जाऊ शकते.

विमानात गारवा जाणवतो म्हणून अनेक आज्या बाळाला टोपडे, झबले आणि वर दोन दुपटी अशी तयारी करून देतात. त्याऐवजी अंगावर कपड्यांचे पातळ थर असावेत. बाळाची मान किंवा छाती हाताने पाहावी. ती घामेजलेली असेल तर एक थर काढावा. झोपताना डोक्यावरचे टोपडे काढलेले बरे. उजेड नको म्हणून पाळण्यावर शाल किंवा ओढणी टाकणे टाळावे. त्याने हवा अडते आणि बाळ नजरेआड होते.

झोपलेल्या बाळाला उठवायचे का?

पट्टा बांधण्याचा दिवा लागला की बहुतेक कंपन्या बाळाला बॅसिनेटमधून बाहेर घ्यायला सांगतात. बाळ नुकतेच झोपलेले असेल तर हे जिवावर येते. पण जोरदार धक्के बसू लागले की पाळण्यातले बाळ वर फेकले जाऊ शकते. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला असेच तीव्र हादरे बसले. त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले.

मांडीवरचे बाळ कितपत सुरक्षित?

दोन वर्षांखालील बाळ पालकाच्या मांडीवर बसू शकते. भारतासह अनेक देशांतील विमानांत त्यासाठी पालकाच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा दिला जातो. अमेरिकेच्या नियमांत उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी या पट्ट्याला परवानगी नाही. पालकाचा एकच पट्टा दोघांभोवती कधीही बांधू नये. झटका बसला तर पालकाचा सगळा भार बाळावर येतो.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे विमान कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. तेव्हाच्या सूचनेप्रमाणे त्यांना पालकांच्या पायाशी जमिनीवर ठेवायला सांगण्यात आले. त्यांपैकी एक बाळ दगावले. ती सूचना देणाऱ्या हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पुढे अनेक वर्षे बाळांना स्वतंत्र आसन मिळावे म्हणून पाठपुरावा केला. अमेरिकेने तशी सक्ती मात्र केली नाही. वेगळ्या तिकिटाचा खर्च नको म्हणून कुटुंबे गाडीने जातील आणि रस्त्यावरचा धोका अधिक आहे, असा त्यामागचा विचार होता.

वेगळे आसन घ्यावे का?

परवडत असेल तर हाच सर्वात सुरक्षित पर्याय आहे. त्यावर बाळाची कार सीट बांधता येते. मात्र त्या सीटवर विमानात वापरण्यास मान्यता असल्याचा शिक्का हवा आणि कंपनीची पूर्वपरवानगी हवी. ती सहसा खिडकीशेजारी लावतात, म्हणजे बाहेर पडण्याची वाट अडत नाही. सुमारे १० ते २० किलो वजनाच्या, स्वतः नीट बसणाऱ्या मुलांसाठी आसनाला अडकवायचे खांद्यावरचे पट्टेही मिळतात. पाय पसरण्यासाठी हवा भरून वापरायच्या उशांना काही कंपन्या परवानगी देतात, काही देत नाहीत. विकत घेण्याआधी विचारावे.

झोपेसाठी औषध द्यावे का?

नाही. सर्दीच्या औषधाने गुंगी येते म्हणून ते देण्याचा सल्ला ओळखीचे लोक सहज देतात. लहान बाळात त्याने श्वास मंदावू शकतो. काही बाळे उलट अधिकच अस्वस्थ होतात. गुटीत जायफळाचे वळसे वाढवणेही टाळावे. जास्त जायफळ विषारी ठरते. गेल्या शतकात मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया नाइलाजाने बाळाला अफूची ‘बाळगोळी’ देत. बाळ शांत राही, पण त्याची किंमत बाळाच्या तब्येतीला मोजावी लागे.

कान दुखल्याने बाळ जागे होते, त्यावर साधा उपाय आहे. विमान खाली येऊ लागले की अंगावर पाजावे किंवा बाटली द्यावी. गिळल्याने कानातला दाब मोकळा होतो.

निघण्यापूर्वी काय करावे?

* घरी झोळीत झोपणाऱ्या बाळाला आठवडाभर आधीपासून सपाट अंथरुणावर झोपण्याची सवय लावावी. विमानात झोळी बांधता येत नाही.
* अपुऱ्या दिवसांचे, नुकतेच जन्मलेले किंवा श्वासाचा त्रास असलेले बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावे. विमानात प्राणवायू जमिनीपेक्षा कमी मिळतो.
* नागपूर किंवा मुंबईत आधी एक रात्र मुक्काम करता आला तर करावा.
* दोन मोठी माणसे असतील तर जागण्याच्या पाळ्या ठरवाव्यात. एकट्याने प्रवास असेल आणि डोळे मिटू लागले तर बाळ मांडीवर ठेवून बसू नये, बॅसिनेटमध्ये ठेवावे. ते नसेल तर कर्मचाऱ्यांना सांगावे.

आजोळी पोहोचल्यावर घर भरलेले असते आणि दमलेले बाळ कुणाच्या तरी कुशीत, गोधड्यांमध्ये झोपवले जाते. पहिल्या रात्रीही त्याला स्वतःचे सपाट अंथरूण मिळेल, एवढी सोय घरच्यांनी आधीच करून ठेवावी.