वाड्यातला गोषा आणि बाजारातली काकणवाली

आम्ही मणेर. पिढीजात धंदा काकणांचा. माझी पणजी राधानगरी भागातल्या वाड्यावस्त्यांवर काकणं भरायला जायची. अंगावर नऊवारी लुगडं, डोईवर पदर, त्यावर टोपली आणि तोंड उघडं. भोगावतीच्या काठानं पायी फिरायची, गिऱ्हाइकाशी भावावरून भांडायची, कुणाची उधारी किती ते तोंडपाठ ठेवायची आणि दाम म्हणून मापट्यानं भात घ्यायची. दादी सांगायची, मोठ्या मराठा घरांच्या देवडीवर पुरुष व्यापाऱ्याला अडवत, पणजीला थेट माजघरात घेत. आतल्या बायका गोषात, म्हणजे पडद्यात. परक्या पुरुषानं त्यांचं मनगट धरणं दूरच, त्यांचा आवाज कानी पडलेलाही घरच्यांना खपत नसे. म्हणजे मुसलमान बाई उघड्या तोंडानं बाजारातून चालत यायची आणि पडद्याआडच्या हिंदू बायकांच्या हातात काकणं भरून जायची.

पडदा मुसलमानांनी धरला आणि मुसलमानांतच राहिला, असं समजणाऱ्यांना मी आधी हे सांगते.

आमच्या राधानगरीचं नावच पाहा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्या राधाबाई, म्हणजे आक्कासाहेब, यांच्यावरून ते पडलं. धरणाच्या तलावाला नाव महाराणी लक्ष्मीबाईंचं. छत्रपतींच्या घराण्यात गोषा पाळला जाई. उभ्या मुलखाच्या तोंडी ज्यांची नावं, त्यांचे चेहरे रयतेला दिसत नसत. 1918 साली महाराजांचे पुत्र शिवाजी शिकारीत अपघातानं गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अजून लहान होत्या. त्या वैधव्यात कोपऱ्यात बसून राहू नयेत म्हणून महाराजांनी सोनतळीच्या कॅम्पवर त्यांच्या शिक्षणाची सोय केली. त्या काळच्या राजघराण्यात ही केवढी मोठी गोष्ट होती, हे ज्याला गोषा ठाऊक आहे त्यालाच कळेल.

गोषा ऐपतीवर चाले. ज्या घरच्या बाईला शेतात राबावं लागत नाही, तेच घर तिला झाकून ठेवू शकतं. आमच्याकडं पाऊस असा कोसळतो, की रोप लावणीला चिखलात वाकलेल्या बायकांच्या डोक्यापाठीवर इरलं लागतंच. त्या रांगेत मुल्लाण्याची कोण, मराठ्याची कोण, धनगराची कोण, हे बांधावरून ओळखता येत नसे. घरात चार पैसे आले की पहिल्यांदा बाई शेतातून माघारी यायची, मग पदर पुढं ओढला जायचा. मुसलमानांतल्या इनामदार घरांतही हेच घडलं. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1904 पासून बंगालमध्ये पडदानशीन बायकांच्या इस्टेटींचं कायद्याचं काम पाहत. त्यांना ज्यांच्यासाठी झगडावं लागलं, त्यांत हिंदू जमीनदारांच्या विधवाही होत्या आणि मुसलमानांच्याही.

झाकलेली बाई दुबळीच, हाही एक समज. 1595 साली मोगलांनी अहमदनगरला वेढा घातला. तटाला खिंडार पडलं तेव्हा चांदबीबी तोंडावर बुरखा घेऊन, हातात तलवार धरून तिथं उभी राहिली, असं परंपरेनं सांगतात.

माझ्या लहानपणी राधानगरीच्या बाजारात काळा बुरखा क्वचित दिसे. अम्मी बाहेर पडताना साडीवर पांढरी चादर घ्यायची, तीही शहरात गेली तरच. पुढं मी प्राथमिक शिक्षिका झाले, नोकरीभर साडी आणि पदर. कुणी कौतुकानं म्हणायचं, "बाई, तुम्ही मुसलमान वाटत नाही." मला ते बोलणं फार लागायचं, अजून लागतं. मी पाच वेळा नमाज पढते, रोजे धरते. माझ्या धर्माचा दाखला माझ्या कापडावर का मागावा? तोच दाखला नंतर आमच्यातले काही लोकही मागू लागले, उलट्या बाजूनं: पदर का, बुरखा का नाही? कुराणात सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची ताकीद आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत, आणि मग बायकांना. हे मी त्यांना सांगते तेव्हा ते विषय बदलतात.

काळा बुरखा आमच्याकडं वाढला तो माझ्या डोळ्यांदेखत. कुणाचा नवरा आखातात कामाला गेला आणि तिथली तऱ्हा घेऊन आला. कुणी इज्तेमाला, म्हणजे धार्मिक मेळाव्याला, जाऊ लागलं. 1992-93 च्या दंगलींनंतर घाबरलेली माणसं एकमेकांना धरून राहू लागली. माझ्या भाचीनं कॉलेजात हिजाब घेतला तो आईच्या मर्जीविरुद्ध. माझी बहीण चिडली, माझ्याकडं आली. भाची एवढंच म्हणाली, "खाला, तुमचा पदर तुम्ही ठरवलात ना?" आणि माझ्याच वर्गात शिकलेल्या एका मुलीला लग्नानंतर सासरच्यांनी जबरदस्तीनं बुरखा घालायला लावला. ती माहेरी येऊन रडली. ह्या दोघींना एकाच मापानं मोजू नये.

इराणात 1936 साली रझाशाहनं बायकांच्या डोक्यावरचं कापड पोलिसांकरवी उतरवलं आणि 1983 पासून तेच कापड कायद्यानं सक्तीचं झालं. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं नाही.

आमच्यापासून तास-दीड तासावरच्या निपाणीत मराठी घरोघर बोलली जाते, पण राज्य कर्नाटक. 2022 च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारनं कॉलेजातला हिजाब अडवणारा गणवेशाचा आदेश काढला, मार्चमध्ये उच्च न्यायालयानं तो उचलून धरला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. 2024 मध्ये मुंबईतल्या एका कॉलेजच्या हिजाबबंदीला मात्र सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम स्थगिती दिली, वर्गातला बुरखा सोडून. त्याच काळात कोल्हापुरात स्कूटीवरच्या बहुतेक मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधून फिरत होत्या, आजही फिरतात. धुळीसाठी, उन्हासाठी. त्यांना कुणी काही विचारत नाही.

मुसलमान बाईचे खरे प्रश्न कापडापलीकडचे. 18 एप्रिल 1966 ला समाजसुधारक हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुसलमान बायका मुंबईत विधानभवनावर गेल्या. त्यांचं मागणं तोंडी तलाक आणि सवत यांच्याविरुद्ध होतं. ज्यानं संसार मोडतो तेच त्यांनी आधी धरलं. एका दमात तीनदा म्हटलेला तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला तो 2017 साली.

माझ्या विद्यार्थिनींचं शिक्षण सुटलं तेही बहुतेक वेळा बुरख्यानं नव्हे, दुसऱ्याच कारणानं. संध्याकाळची एसटी चुकली तर परत यायचं कसं, शहरात राहायचं कुठं, खोलीचं भाडं कोण देणार. शाहू महाराजांनी 1906 साली कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढलं. मुलींनाही तशी राहायची सोय असेल तरच बाप पाठवायला तयार होतो, हे मी पालकांशी बोलून बोलून शिकले. बुरखा घालून जाते, पण मला कोल्हापूरला पाठवा, असं घरी सांगून सुटलेल्याही मुली त्यांत होत्या. त्यांतली एक नर्सिंग शिकली. तिच्या धाकट्या बहिणीला बिनाबुरख्याचं जायचं होतं. बाप नाही म्हणाला, म्हणून मी आणि तिची मोठी बहीण दोघी मिळून त्याच्याकडं गेलो.