दट्ट्या मागें कां येत नाहीं ?

एखादें यंत्र दाब देऊं लागलें म्हणजे पाहणाऱ्याचें लक्ष त्याच्या जोराकडे जातें. जोर काढून घेतल्यावर तें पूर्वस्थितीला येतें कीं नाहीं, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. जलदाबयंत्राच्या इतिहासांत खरी अडचण उभी केली ती मात्र या दुसऱ्या गोष्टीनें. मोटारसायकलचा हायड्रॉलिक क्लच अडकून बसतो, तेव्हां तीच जुनी अडचण नव्या वेषांत पुढें येते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा सिद्धान्त ब्लेझ पास्काल यानें मांडला. त्यावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्यावरच्या थोड्या बळानें मोठ्या दट्ट्यावर पुष्कळ बळ मिळवितां येतें, हें त्यांतच आलें. परंतु कागदावरच्या सिद्धान्ताला गळती ठाऊक नसते. लंडनांतील कुलुपें करणारा कारागीर जोझेफ ब्रामा यानें १७९५ सालीं जलदाबयंत्राचें पेटंट घेतलें आणि गळतीनें त्याला जेरीस आणलें. दट्ट्याभोंवतीचें भरण सैल ठेवावें, तर पाणी फटींतून उसळे. घट्ट आवळावें, तर पाणी थांबे खरें, पण दाब काढल्यावरही दट्ट्या जागच्या जागीं जखडून राही.

ब्रामाच्या कारखान्यांत हेन्री मॉडस्ले नांवाचा तरुण कारागीर होता. पुढें त्याच्या हाताखालीं शिकलेल्या जेम्स नॅस्मिथनें या कोड्याच्या उलगड्याचें श्रेय मॉडस्लेलाच दिलें आहे. उलगडा म्हणजे चामड्याची एक वाटी, तोंड पाण्याकडे केलेली. दाब वाढला कीं तिची कड फुगून दट्ट्याला बिलगते; दाब उतरला कीं आपोआप सैल पडते. जितकी गरज तितकीच पकड ! या गुणी माणसानें आठवड्याच्या तीस शिलिंगांवर वाढ मागितली, ती ब्रामानें नाकारली, आणि मॉडस्लेनें स्वतंत्र दुकान थाटलें. कुलुपें घडविण्यांत निष्णात असलेल्या ब्रामाला आपला कारागीर मात्र राखतां आला नाहीं.

पुढें मोटारीच्या ब्रेकांनीं हीच वाटी उचलली. माल्कम लॉकहीड यानें १९१७ सालीं अमेरिकेंत हायड्रॉलिक ब्रेकचें पेटंट घेतलें. त्याच्या चामडी वाट्या गळत, म्हणून क्रायस्लरच्या तंत्रज्ञांनीं तेथें रबर आणलें, आणि १९२४ च्या त्यांच्या मोटारींत तो ब्रेक बसला. मोटारसायकलचा क्लच पुष्कळ वर्षें तारेवरच चालला. १९८० नंतरच्या दशकांत होंडा, कावासाकी यांच्या मोठ्या गाड्यांवर तेथेंही द्रव आला.

मुठीजवळ एक लहान नळकांडें व त्यावर टांकी असते. लिव्हर ओढला कीं द्रव नळीवाटे इंजिनाजवळच्या दुसऱ्या दट्ट्याला ढकलतो आणि क्लचच्या तबकड्या विलग होतात. लिव्हर सोडला कीं क्लचच्या स्प्रिंगा सर्व कांहीं मागें लोटतात, आणि उरलासुरला द्रव टांकीच्या तळच्या एका सूक्ष्म छिद्रांतून वर परततो. तें छिद्र जुन्या द्रवाच्या गाळानें बुजलें, कीं इंजिनाच्या उष्णतेनें फुगलेल्या द्रवाला वाट उरत नाहीं. तबकड्या अर्धवट सुटलेल्या राहतात; चढावर मागून ट्रक येत असतां इंजिन ओरडतें, पण चाक ओढत नाहीं.

अशा वेळीं सारें खोलण्याची घाई घातक ठरते. प्रथम लिव्हरला किंचित् मोकळी चाल आहे कीं नाहीं तें पाहावें. ती नसेल तर दट्ट्या छिद्रावरच बसून राहतो. मग खालच्या नळकांड्याच्या निपलाला नळी लावून तें जरासें सैल करावें. द्रव उसळला आणि क्लच तत्काळ पकडूं लागला, तर द्रव कोंडला होता. पुढच्या खेपेस मुठीजवळचा सांधा सैल करावा : तेथेंही क्लच सुटला तर दोष वरच्या नळकांड्यांत, न सुटला तर आंतून मिटलेल्या नळींत. निपल सैल करूनही कांहींच बदललें नाहीं, तर खालचा दट्ट्या गंजला आहे किंवा तबकड्याच चिकटल्या आहेत.

छिद्र बारीक तारेनें मोकळें करावें, रबरी वाट्या बदलाव्या, त्यांच्या खांचणींतील पांढरा गंज खरवडून काढावा. बाजारांत 'ब्रेक ऑइल' म्हणतात तें बहुधा तेल नसून ग्लायकॉलचा द्रव असतो व हवेंतील ओल शोषतो, म्हणून तो ठराविक मुदतीनें बदलावा लागतो. कांहीं गाड्यांना मात्र खरेंच खनिज तेल लागतें. टांकीच्या झांकणावर लिहिलेलें असतें तेंच घालावें. ग्लायकॉलसाठीं केलेल्या रबराला खनिज तेल लागलें तर वाटी फुगून बसते, आणि ब्रामाचें आवळलेलें भरण पुनः हजर होतें.

शेवटीं हवा काढून, टांकी उघडी असतांना, लिव्हर हलकेच दाबावा. छिद्र मोकळें असेल तर त्यांतून द्रवाची बारीकशी चिळकांडी उडते; ती डोळ्यांत वा रंगावर पडूं देऊं नये.