आपल्या बागेचा वसंत

स्मरणिका समितीने मला बागेचा इतिहास लिहायला सांगितलं. लिफ्टचा, पाण्याच्या टाकीचा आणि कन्व्हेयन्स डीडचा इतिहास इतर सभासदांनी लिहिला आहेच. तो वाचताना रक्तदाब वाढतो, म्हणूनच की काय, बाग माझ्या वाट्याला आली असावी. बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला तारखेशिवाय काही लिहिता येत नाही. सुदैवाने २००२ पासून दर वर्षी मिळणाऱ्या फुकटच्या डायऱ्यांमध्ये मी बागेतल्या नोंदी ठेवत आलो आहे. पहिला मोहोर कधी, पहिली कोकिळा कधी, मोगऱ्याची पहिली कळी कधी, एवढंच.

आधी गावाबद्दल थोडं. आपल्या गावाच्या नावात दोन झाडं आहेत, चिंच आणि वड, असं जुने लोक सांगतात. दुसरं म्हणजे आपल्याकडे वसंताची वर्दी यात्रेबरोबर येते. मोरया गोसावींच्या चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी वर्षातून दोनदा मोरगावला जाते, भाद्रपदात आणि माघात. माघ शुद्ध चतुर्थी म्हणजे गणेश जयंती आणि दुसऱ्याच दिवशी वसंत पंचमी. त्यामुळे पवनेकाठच्या माणसाला 'पालखी निघाली, आता थंडी सरणार' हे वेगळं शिकवावं लागत नसे. मग १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पाठोपाठ एमआयडीसी, १९७२ मध्ये प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. शेतांचे प्लॉट झाले आणि ऋतूंच्या जागी शिफ्टचे भोंगे आले. त्यात वाईट काही नाही, आपल्यातल्या निम्म्या घरांची चूल त्या भोंग्यांवरच पेटली.

आपला प्लॉटही शेताचाच होता. मागच्या भिंतीलगतचा कडुनिंब त्या शेताच्या बांधावरचा. बाकी बाग मात्र आपण केली. बिल्डरच्या माहितीपत्रकात कारंजं आणि हिरवळ होती. २००१ साली ताबा मिळाला तेव्हा त्या जागी मुरूम, फुटक्या फरश्या आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या. पहिल्या वर्षी सभासदांनी वर्गणी काढून चार ट्रक काळी माती आणि एक ट्रक शेणखत आणलं. आंब्याचं कलम, शेवगा, दोन करंज, कढीपत्ता, जास्वंद आणि मोगऱ्याचा वाफा, ही त्या पावसाळ्यातली लागवड. ए विंगमधल्या एका वहिनींनी माहेरून आणलेला सोनचाफा पुढच्या वर्षी लागला.

आता प्रश्न असा, की वसंत सुरू कधी होतो? हिशेब मांडायला गेलो तर ताळेबंद जुळेना. वसंत पंचमी म्हणावी तर ती चंद्रावर चालते. २०२४ साली ती १४ फेब्रुवारीला होती आणि यंदा २३ जानेवारीला. झाडांना अधिक महिना कळत नाही. सूर्य सायन मीन राशीत जातो तो १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास, सौर मानाने वसंत तेव्हा लागतो. शाळेत शिकलो ते चैत्र-वैशाख, म्हणजे पाडव्यापासून. या महिन्यांची वेदातली नावं मधू आणि माधव. आणि पुण्याचं हवामान खातं? त्यांच्या वर्गवारीत वसंतच नाही! जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ.

हा घोळ आजचा नाही. संपातबिंदू दर बहात्तर वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो. लोकमान्यांनी १८९३ च्या 'ओरायन' मध्ये याच सरकण्याचा आधार घेतला आणि वसंतसंपात मृगात होता त्या काळावरून वेदांचं वय काढलं. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ती आपण कितपत वापरतो हे बँकेत काम केलेल्या माणसाला विचारू नका. शकाची तारीख घातलेला चेक माझ्या नोकरीत मोजून दोनदा आला.

बागेचं पंचांग मात्र वेगळं आणि माझ्या मते जास्त भरवशाचं आहे. आपल्याकडे वसंताची पहिली खूण फुलांची नसून झाडलोटीची असते. जानेवारीच्या अखेरीस सफाईवाल्या मावशी 'काका, आज दोन पोती पाला निघाला' म्हणतात, तेव्हा मी डायरी उघडतो. करंज पिवळा पडतो, शेवगा पांढऱ्या फुलांनी भरतो, फुलांवर शिंजीर येतो. मग तांबट. हा चिमणीएवढा हिरवा पक्षी दिसत नाही, पण त्याचं टुक्-टुक् दुपारभर चालतं, एखादा तांब्याची भांडी ठोकत बसल्यासारखं. तो घर करतो वाळलेल्या, मऊ लाकडात. म्हणून शेवग्याची ती वाळकी फांदी तोडू नका असं मी तीनदा सांगितलं होतं. फांदी अजून आहे, तांबटही आहे.

मोगऱ्याचं श्रेय निसर्गाला कमी आणि बी विंगमधल्या एका काकूंना जास्त. जानेवारीत छाटणी, थोडे दिवस पाणी तोडायचं, मग खत आणि भरपूर पाणी. नवी फूट आली की तिच्या टोकाला कळी. काकू आता नाहीत, त्यांचं वेळापत्रक पाळलं जातं.

आंब्याला रात्रीची थंडी लागते. ती नीट पडली की मोहोर फुटतो, मध्येच ढग आणि धुकं आलं की तुडतुडे आणि भुरी. हजार फुलांतून एखादं फळ हाती लागलं तरी नशीब. यात एक गोष्ट आपल्या गावची आहे. पिकांवरच्या बुरशीवर चालणारं ऑरिओफंजिन हे औषध १९६० च्या दशकात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेतच शोधलं गेलं. आपण पेनिसिलिनपुरतीच ती कंपनी ओळखतो.

असल्या नोंदींना कोणी हसेल, म्हणून दोन दाखले देतो. इंग्लंडमधल्या नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ पासून वसंताच्या खुणा लिहायला सुरुवात केली, आणि त्याच्या वंशजांनी ते काम १९५८ पर्यंत चालवलं. जपानमध्ये क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत, आणि २०२१ साली तिथे २६ मार्चलाच पूर्ण बहर आला, तोवरच्या बाराशे वर्षांत सर्वांत लवकर. हवा बदलते आहे हे सांगायला आज शास्त्रज्ञ या वह्या उघडतात. माझ्या डायऱ्या पंचवीस वर्षांच्या आतल्या. त्यांच्यावरून मी कसलाही निष्कर्ष काढणार नाही, पण त्या चालू राहाव्यात असं वाटतं.

कारण मध्ये त्या थांबण्याची वेळ आली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहरात दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा 'माणसांना नाही तर झाडांना कुठून' हा प्रश्न कमिटीत निघाला आणि तो रास्त होता. बाग वाचली ती घराघरांतल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या वाया जाणाऱ्या पाण्यावर. मुलं संध्याकाळी बादल्या घेऊन खाली यायची. ती मुलं आता हिंजवडीला नाहीतर परदेशात आहेत. फोनवर आंबा कसा आहे ते विचारतात.

या वर्षीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत पार्किंग वाढवण्याचा विषय आहे. गाड्या वाढल्या, जागा तेवढीच, हे मलाही दिसतं. माझी गाडीही रस्त्यावर उभी असते. पण प्रस्तावातली पट्टी म्हणजे मागची भिंत, कडुनिंब आणि आंबा. १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं. बांधावरचा कडुनिंब त्यात बसतो का, हे सभेआधी तपासून घ्यावं अशी माझी लेखी विनंती सेक्रेटरींकडे दिलेली आहे. पुढच्या बाजूला तिरक्या रांगेत गाड्या लावल्या तर किती मावतात याचा नकाशाही सोबत जोडला आहे.

तिन्ही विंगच्या गुढ्यांना पाडव्याला डहाळे याच कडुनिंबाचे जातात. वॉचमन सकाळी सहाला शिडी लावतो आणि पोरं खालून झेलतात.

डायऱ्या सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात आहेत. यंदाची पानं अशी : शेवग्याला फुलं १२ जानेवारी, तांबट २९ जानेवारी, कोकिळा ११ फेब्रुवारी, मोगरा ६ मार्च. कडुनिंबाची तांबूस पालवी १४ मार्च, पाडव्याच्या पाच दिवस आधी.