बंदरावर अडलेला संसार

परदेशी नोकरीला गेलेला मुलगा बायकोला तिकडे नेऊ लागला, की घरात विवाहनोंदणीच्या दाखल्याची धावपळ सुरू होते. अंतरपाट दूर झाला, मंगलाष्टके झाली, दोनशे पाने उठली. पण परक्या सरकारला एवढा पुरावा पुरत नाही. वडीलधाऱ्यांना याचा रागच येतो. याच गोष्टीवरून एकदा आपल्या बायका तुरुंगात गेल्या होत्या. वर्गात ही हकीकत मला दोन ओळींत उरकावी लागते, म्हणून येथे सविस्तर सांगतो.

हसन इसप हा दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला राहणारा भारतीय मुसलमान. देशी येऊन त्याने बाई मरियमशी निकाह लावला. पुढे तिला घेऊन तो परत निघाला, तर तिकडच्या अधिकाऱ्यांनी तिला प्रवेश नाकारला. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात गेले. रहिवाशाच्या बायकोला येऊ द्यावे, असे कायदा म्हणत होता. पण बायको म्हणावे कोणाला? १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात पुरुषाला एकाहून अधिक बायका करता येतात, त्या धर्माच्या रीतीने लागलेले लग्न या कायद्यापुरते लग्नच नव्हे. हसनने दुसरी केली होती की नाही, हा मुद्दाच नव्हता. करता आली असती, एवढे पुरे!

हिंदूंनाही तेव्हा दुसरी बायको करण्याची मुभा होती. म्हणजे निकाहाबरोबर सप्तपदीही गेली. भरल्या घरातल्या गृहिणी एका रात्रीत कोणाच्याच कोणी उरल्या नाहीत.

गांधीजींनी तोवर बायकांना तुरुंगात धाडले नव्हते. आता कस्तुरबा पुढे आल्या. १८९६ च्या अखेरीस त्या नवऱ्याबरोबर प्रथम दरबानला पोचल्या, तेव्हा गोऱ्यांच्या विरोधामुळे बोट तीन आठवड्यांहून अधिक काळ किनाऱ्याबाहेरच अडकली होती. आता तीस वर्षांचा संसारच कागदावर खोटा ठरला होता. सप्टेंबर १९१३ मध्ये त्यांनी परवान्यावाचून ट्रान्सवालची हद्द ओलांडली आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी पत्करली. सुटून आल्या तेव्हा त्या पार खंगलेल्या होत्या. दुसऱ्या काही बायका न्यूकॅसलच्या कोळसा-खाणींत गेल्या. त्यांच्या सांगण्यावरून मजुरांनी कुदळी खाली ठेवल्या. जोहान्सबर्गची वल्लिअम्मा ही सोळा वर्षांची पोर. तिचे स्वतःचे लग्न अजून व्हायचे होते. तुरुंगातून ती ताप घेऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी गेली.

या लढ्यासाठी प्रकृती ढासळलेली असताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इकडे निधी जमवला. त्यांना नुसते मवाळ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी एवढे तरी आठवावे.

१९१४ च्या कायद्याने एका बायकोला व अज्ञान मुलांना प्रवेश मिळाला, आपल्या पुरोहितांना आणि मौलवींना विवाह नोंदवण्याचा अधिकार देण्याची सोय झाली. मात्र १९५३ मध्ये तिथल्या वर्णद्वेष्ट्या सरकारने भारतातून बायको आणण्याची वाट नव्या कायद्याने बंद केली. ते राज्य १९९४ मध्ये गेले. तरीही शरियतप्रमाणे लागलेल्या विवाहांना तिथला विवाहकायदा ओळखत नव्हता. ही उणीव घटनेच्या विरुद्ध आहे, असा निकाल तिथल्या संविधान न्यायालयाने दिला, तो २८ जून २०२२ रोजी.