मोकळी जागा कोणाची?

शहराचा इतिहास इमारतींवरून सांगण्याची आपली रीत आहे. आम्ही तो मोकळ्या जागेवरून सांगणार आहोत. कारण कोनशिलेवर कामगाराचे नाव कोणी कोरीत नाही. मैदानावर मात्र त्याला हक्काने बसता येते.

मुंबईच्या कोटाबाहेर एस्प्लनेड नावाचे विस्तीर्ण पटांगण होते. ते कोणी हवा खाण्यासाठी राखलेले नव्हते. शत्रूला आडोसा मिळू नये, तोफेसमोर मोकळे रान असावे, म्हणून कंपनी सरकारने तेथील घरे आणि माड काढून टाकले. १८६२ ते १८६७ या काळात गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रिअर यांनी कोटाचा तट पाडविला. तोफेची गरज संपली. बरीच जमीन विकली गेली; जी उरली तिचेच तुकडे म्हणजे आजची ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने. ओव्हलच्या पूर्वेस १८७८ पर्यंत हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर उभे राहिले. पश्चिमेस समुद्र हटवून १९३० नंतर आर्ट डेको धाटणीची घरे आली. मधली हिरवळ नसती तर या दोन काळांना एकमेकांचे तोंडही दिसले नसते.

हिरवळ ही केवळ शोभा नव्हे. क्रॉस मैदानाच्या टोकाला १७२५ साली खोदलेली भिखा बेहराम विहीर आहे. समुद्र इतका जवळ, तरी पाणी गोडे. पाऊस जमिनीत मुरतो म्हणूनच विहिरी जगतात. फरसबंदीवर पडलेला पाऊस गटारात जातो.

आता २०१८ सालच्या दोन गोष्टी पाहा. १२ मार्च रोजी नाशिकहून पायी निघालेले हजारो शेतकरी आझाद मैदानावर पोचले. मुलांच्या परीक्षेला अडथळा नको म्हणून शेवटची मजल त्यांनी रात्रीच मारली. ३० जून रोजी ओव्हल आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या. एकाच जुन्या पटांगणाचे हे दोन तुकडे! पण प्रवाशाला दुसरी गोष्टच तेवढी सांगितली जाते.

प्रवासी येवोत, त्यांच्यावर टॅक्सीवाल्याचे आणि सरबतवाल्याचे पोट चालते. जुन्या दगडाची निगा व्हावी. मुंबईत १९९५ पासून त्यासाठी नियमही आहेत. गवताला विसावा म्हणून कुंपण लागले तरी आमची तक्रार नाही. मात्र हक्काचा क्रम ठरवावा: आधी माती आणि झाड, मग रहिवासी, मग पाहुणा. पाहुण्यासाठी अंगण सारवावे. घरच्यांना अंगणाबाहेर काढू नये. वाहनतळ, मांडव किंवा कारंजे यांच्यासाठी मैदानाचा एक कोपरा गेला की तो सहसा परत येत नाही.

म्हणून एकच विनंती. मैदानाच्या आराखड्यावर नगरपालिका हरकती आणि सूचना मागवील तेव्हा त्या कागदावर आपलीही सही असू द्या. वास्तुतज्ज्ञाची असतेच, माळ्याची, फेरीवाल्याची आणि मोर्चात चालणाऱ्याचीही हवी.