प्रसूतिव्यथेच्या तीन भाषा : शास्त्र, चरित्र आणि बोली

एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीलेखनाचा विचार करताना बालविवाह, केशवपन व स्त्रीशिक्षण या प्रश्नांची चर्चा विस्ताराने होते. गर्भाशयाचे विकार आणि प्रसूतीतील गुंतागुंत यांचा उल्लेख मात्र ओझरता येतो. ही व्यथा कोणकोणत्या भाषांत लिहिली गेली आणि त्या भाषांनी तिचे काय केले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पहिली भाषा शास्त्राची. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचे, म्हणजे प्रसूतिमार्गात अडलेल्या गर्भाचे, कील, प्रतिखुर, बीजक व परिघ असे चार प्रकार वर्णिले आहेत. योनिव्यापदांची संख्या चरक आणि सुश्रुत दोघेही वीस मानतात. निरीक्षणाची ही सूक्ष्मता थक्क करणारी आहे. परंतु येथे बोलतो तो वैद्य, स्त्री केवळ लक्षणांच्या रूपाने उपस्थित असते.

आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांनी याच परंपरेला परभाषेत नेले. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांनी आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर इंग्रजीत प्रबंध सादर केला. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले होते, हे लक्षात घेता विषयाची ही निवड निव्वळ विद्वत्तेची मानता येत नाही. तथापि प्रबंध या लेखनप्रकारात आत्मकथनाला जागा नसते. ज्या अनुभवाने त्यांना वैद्यकाकडे वळविले, तो अनुभव पदवीच्या भाषेबाहेरच राहणार होता.

त्याला जागा दिली ती चरित्राने. कॅरोलाइन हीली डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये बॉस्टनला प्रसिद्ध झाले. काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र त्यानंतरचे. मराठी स्त्रीचे आयुष्य आधी परभाषेत आणि मग स्वभाषेत चरित्ररूप घेते, हा क्रम तौलनिक अभ्यासकाने दुर्लक्षू नये. मात्र चरित्राला नायिका लागते. हजारो अनाम बाळंतिणींचे दुखणे त्यात मावणे शक्य नव्हते.

त्यांची भाषा बोलीत होती. 'बाई अडली', 'वार अडकली', 'पोट पडले', 'अंगावरून पांढरे जाते', 'अंग बाहेर येते' या प्रयोगांत अवयवाचे नाव टाळले जाते आणि 'अंग' हा सर्वदेहवाचक शब्द त्याची जागा घेतो. दुखणे 'अंगावर काढणे' हा वाक्प्रचारही याच कुळातला. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग वा लैंगिक आजार आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. आकडे इंग्रजीत छापले गेले, पण त्यांच्यामागची तक्रार बोलीत ऐकावी लागली होती. राणी बंग यांच्या मराठी पुस्तकाचे 'कानोसा' हे नाव म्हणूनच अर्थपूर्ण ठरते.

बोलीचा गौरव करतानाही सावधपणा हवा. गर्भाशयाला रूढ असलेला 'पिशवी' हा शब्द त्या अवयवाला केवळ मूल ठेवण्याचे साधन ठरवतो. मुले झाल्यावर रिकामी पिशवी काढून टाकण्यात गैर काय, असा तर्क मग सोपा होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयी २०१९ मध्ये नेमलेल्या शासकीय समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. दारिद्र्य, बुडणारी मजुरी आणि वैद्यकीय व्यवहार ही त्याची प्रमुख कारणे होत; शब्दाने त्या कारणांना वाट सुकर करून दिली, इतकेच.

शास्त्राने व्यथेला नाव दिले, चरित्राने चेहरा दिला आणि बोलीने तिला आडोसा दिला. आडोशामागचे ऐकू यायचे तर या तिन्ही भाषा एकत्र वाचाव्या लागतात. प्रसूतीविषयीचे लेखन केवळ वैद्यकाच्या इतिहासकारांवर सोपवून साहित्याच्या अभ्यासकांना मोकळे होता येणार नाही.